आरव्ही घेऊन बाहात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन मेक्सिकोतल्या बाहाला गेलो, त्या पहिल्या फेरीत आम्ही नकाशावर किलोमीटर मोजले आणि फसलो. कॅलिफोर्नियात पाच तासांत पाचशे किलोमीटर होतात, मग इथेही होतील, असा सरळ हिशेब. तिसऱ्या दिवशी साडेपाचलाच काळोख पडला. मुक्काम अजून सत्तर किलोमीटर लांब, आणि दिव्याच्या झोतात रस्त्याच्या मधोमध एक काळी गाय बसलेली. डांबर रात्री ऊबदार राहतं, म्हणून गुरं तिथेच येऊन बसतात. गाय सावकाश उठली, आम्ही वाचलो. तेव्हापासून आम्ही किलोमीटर मोजत नाही, उजेड मोजतो. दुपारी तीनला गाडी मुक्कामावर उभी हवी. पुढचं सगळं या एका नियमाच्या आधाराने लिहिलंय.

अमेरिकेत राहणाऱ्या, आरव्ही एखाद-दोनदा योसेमिटीला नेलेल्या आणि आता सीमेपलीकडे जाऊ म्हणणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे आहे.

१. बाहाच का

ग्रामीण मेक्सिको पहिल्यांदा आरव्हीतून बघायचा तर बाहा कॅलिफोर्नियाचं द्वीपकल्प निवडा. एक तर गाडीसाठी तात्पुरत्या आयातीचं परमिट इथे लागत नाही. मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर लागतं. दुसरं, रस्ता चुकायची सोय नाही. मेक्स-१ हा महामार्ग १९७३ साली पूर्ण झाला आणि तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर जातो. आरव्हीवाले पन्नास वर्षं याच रस्त्याने येताहेत, त्यामुळे गावोगावच्या लोकांना या गाड्यांचं अप्रूप नाही, आणि पंक्चर काढणाऱ्यालाही तुमचा टायर ओळखीचा असतो.

टोकापर्यंत जायचा हट्ट मात्र धरू नका. पहिल्या वेळी बाहिया कोन्सेप्सियोन या खाडीपर्यंत जाऊन परत फिरा. तीन आठवडे असतील तर उत्तम, दोन असतील तर घाई होईल.

काळ नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात आरव्हीचा पत्रा अक्षरशः तव्यासारखा तापतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा वादळांचा मोसम असतो. ईस्टरच्या आधीचा आठवडा, म्हणजे सेमाना सांता, टाळा. अख्खा मेक्सिको तेव्हा समुद्रावर असतो. निघण्यापूर्वी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची राज्यवार सूचना वाचून घ्या. 'मेक्सिको' म्हणून सरसकट काही ठरवू नका. बाहाच्या दक्षिण राज्याची स्थिती वेगळी, मुख्य भूमीवरच्या सिनालोआ राज्याची वेगळी.

२. कागद

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी १८० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा नको. गंमत पुढे आहे. साताऱ्याहून आलेल्या आमच्या आईच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा, त्यामुळे ती बिनघोर गेली. माझा भाऊ इतकी वर्षं इथे नोकरी करतो, तो मात्र घरी राहिला. त्याच्या एच-१बीला मुदतवाढ मिळाली होती, पण पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला. मुदतवाढीचं पत्र मेक्सिकोच्या अधिकाऱ्याला पुरत नाही. तुमचं असं असेल तर आधी मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा काढा, आणि परत अमेरिकेत शिरण्याचे नियम तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारूनच निघा. याबाबत मित्रमंडळींच्या अनुभवावर विसंबू नका.

गाडीच्या विम्याचं लवकर आटपतं: अमेरिकेची पॉलिसी मेक्सिकोत कायद्याच्या दृष्टीने चालत नाही. मेक्सिकन कंपनीची पॉलिसी ऑनलाइन मिळते, ती छापून गाडीत ठेवा. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात, म्हणून कायदेशीर मदत आणि जामीन असलेलीच पॉलिसी घ्या. इथे पैसे वाचवायचे नसतात.

गाडी भाड्याची असेल तर 'मेक्सिकोत न्यायला परवानगी आहे' असं लेखी घ्या. आम्हाला फोनवर एकाने हो म्हटलं आणि गाडी घ्यायला गेलो तेव्हा दुसऱ्याने नाही म्हटलं. सुट्टी टाकलेली, बॅगा भरलेल्या, आई डिक्कीत लाडूचा डबा ठेवून तयार. शेवटी एका ओळखीच्या कुटुंबाची गाडी मिळाली.

३. गाडी केवढी

२५ फुटांच्या आतली. याहून मोठ्या गाड्या जातात, मी बघितल्या आहेत, आणि त्यांच्या चालकांचे चेहरेही बघितले आहेत. मेक्स-१ च्या जुन्या टप्प्यांत दोन्ही बाजूंची डांबरी पट्टी मिळून जेमतेम सहा मीटर भरते. कडेला साइडपट्टी नाही, डांबर संपलं की थेट उतार. समोरून मालट्रक आला की दोघांचे आरसे एकमेकांना नमस्कार करून जातात. आमचा डावा आरसा असाच गेला. समोर ट्रक दिसला की वेग कमी करा, उजव्या कडेला सरका, पण चाक डांबराखाली उतरू देऊ नका. डाव्या आरशाची एक जादा काच आणि चिकटपट्टी सोबत असू द्या.

४. सीमा ओलांडायचा दिवस

आठवड्याच्या मधला दिवस, सकाळी लवकर. गर्दी नको असेल तर तेकातेचं लहान नाकं बरं, मात्र तिथे मोठी गाडी उभी करायला जागा शोधावी लागते.

नवे लोक इथे हमखास एक चूक करतात. गाडीने जाताना मेक्सिकोच्या बाजूला तुम्हाला कोणी थांबवतच नाही असंही होतं. हात हलवून पुढे सोडतात आणि माणूस खूश होतो. पण पर्यटकाचा परवाना, म्हणजे एफएमएम, घेणं ही तुमची जबाबदारी आहे. गाडी बाजूला लावा, इमिग्रेशनच्या खिडकीशी जा, फी भरा, शिक्का घ्या, आणि किती दिवस दिलेत ते तिथेच वाचा.

बंदूक तर नाहीच, पण एखादी सुटी गोळीसुद्धा गाडीत असता कामा नये. ओळखीच्यांची गाडी घेतली असेल तर सगळे कप्पे उघडून बघा. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या मेक्सिकोत बंद आहेत, व्हेप, म्हणजे ई-सिगारेटही चालत नाही.

५. दिवसाची आखणी

आमचा आता ठरलेला क्रम असा. पहिल्या दिवशी तेकातेहून ग्वादालुपेच्या द्राक्षमळ्यांमधून एन्सेनादा, फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटर, कारण सीमेवर किती वेळ जाईल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सान किंतिन. इथली शेतं बघाच. कॅलिफोर्नियाच्या दुकानात आपण घेतो त्यातल्या कितीतरी स्ट्रॉबेऱ्या आणि टोमॅटो या खोऱ्यातून येतात. राबणारे हात बरेचसे दक्षिणेतल्या ओआहाका राज्याकडून आलेल्या आदिवासी कुटुंबांचे. ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. २०१५ साली मजुरीसाठी त्यांनी मोठा संप केला होता.

तिसऱ्या दिवशी एल रोसारियोवरून कातावीन्या. खरं वाळवंट इथे सुरू होतं: घराएवढ्या गोल शिळा, खांबासारखे कार्दोन निवडुंग, आणि उलट्या गाजरासारखी दिसणारी सिरियो नावाची झाडं. जगात ती जवळपास एवढ्याच पट्ट्यात वाढतात. चौथ्या दिवशी गेर्रेरो नेग्रो, पाचव्या दिवशी सान इग्नासियो, सहाव्या दिवशी बाहिया कोन्सेप्सियोन. सगळ्यात लांबचा टप्पाही अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आठला निघून मधे पोहे खाऊनही तीनच्या आत पोहोचता.

गेर्रेरो नेग्रोजवळ २८ वं अक्षवृत्त ओलांडलं की दक्षिण बाहा सुरू होतं आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलत नाही. इथल्या तपासणी नाक्यावर गाडीच्या चाकांवर औषध फवारतात, त्याची किरकोळ फी घेतात आणि काही ताजी फळं काढून घेतात. संत्री आदल्या रात्रीच संपवा.

६. रस्त्यावरची भाषा

'तोपे' म्हणजे गतिरोधक. महाराष्ट्रातून आलेल्याला गतिरोधकाचं काय कौतुक, असं वाटेल. पण इथे पाटी कधी असते कधी नसते, आणि आरव्हीत कपाटातली भांडी असतात. गावाची पहिली घरं दिसली की पाय ब्रेकवर. 'वादो' म्हणजे ओढ्याच्या पात्रातून जाणारा खोलगट रस्ता. कोरडा असेल तर हळू उतरा. पाणी वाहत असेल तर थांबा, चहा करा, एखादा ट्रक गेला की खोली कळते.

डाव्या दिव्याचा घोळ नीट समजून घ्या. तुमच्या पुढचा ट्रक मोकळ्या रस्त्यावर डावा इंडिकेटर देतो, तेव्हा बहुतेकदा त्याचा अर्थ 'समोर कोणी नाही, जा पुढे' असा असतो. आपल्या घाटात ट्रकवाला हात काढून दाखवतो तसंच. पण तो खरोखर डावीकडे वळणारही असू शकतो. म्हणून डावीकडे फाटा किंवा कच्ची वाट दिसत असेल तर ओलांडू नका. तुम्हाला स्वतःला डावीकडे वळायचं असेल तर महामार्गावर मधोमध इंडिकेटर देऊन थांबू नका. जमेल तिथे उजवीकडे उतरा, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्यावर वळा.

लष्कराची नाकी तीन-चार लागतात. अठरा-वीस वर्षांची पोरं, हातात रायफली. पहिल्यांदा छातीत धडधडतं. काळा चष्मा काढा, काच खाली करा, 'बुएनोस दीआस' म्हणा. ते विचारतात, 'दे दोंदे बिएने?' कुठून आलात. 'आ दोंदे बा?' कुठे चाललात. दोन गावांची नावं सांगितली की झालं. गाडीत चढून बघायचं म्हणाले तर एकाने सोबत आत जावं. परतताना, उत्तरेकडे, तपासणी जास्त कडक असते. एका सैनिकाने आमचा कुकर उघडून बघितला आणि वास घेऊन परत झाकण लावलं. त्याला ते जमलं नाही, आईने लावून दिलं.

गाडी बंद पडली तर 'आंहेलेस वेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत. सरकारी पर्यटन खात्याच्या हिरव्या गाड्या महामार्गांवर दिवसा फिरतात. मजुरी घेत नाहीत, सुट्या भागांचे आणि इंधनाचे पैसे द्यायचे. नंबर ०७८. अडचण अशी की एल रोसारियो ते गेर्रेरो नेग्रो या टप्प्यात फोनला बराच वेळ रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्या. पंक्चरसाठी 'यांतेरा' अशी पाटी शोधा, बहुधा जुन्या टायरवरच रंगवलेली असते.

७. पेट्रोल

अमेरिकेत राहून आपण 'गॅस भरू' म्हणायला लागतो. इथे 'गास' म्हटलं की स्वयंपाकाचा गॅस. पेट्रोल म्हणजे 'गासोलिना'. हिरवा पंप माग्ना, लाल प्रीमियम, काळा डिझेल. भरणारा माणूस असतो. त्याने सुरू करण्याआधी आकडा शून्यावर आहे ना ते खाली उतरून बघा, नंतर पाच-दहा पेसो हातावर ठेवा. रोख ठेवाच, कार्डाचं मशीन लहान गावात कधीही रुसतं.

एल रोसारियोत टाकी पूर्ण भरा, आधीच्या गावात भरली असली तरी. पुढे सुमारे तीनशे किलोमीटर भरवशाचा पंप नाही. कातावीन्यात रस्त्याकडेला लोक पिंपातून पेट्रोल विकतात. ते महाग पडतं. ती सोय अडलेल्यांसाठी आहे असं समजा.

८. पाणी, वीज आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही

आरव्हीत राहणं म्हणजे तीन टाक्यांचा संसार: चांगलं पाणी, सांडपाणी आणि संडासाचं पाणी. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर नळ आणि गटार दोन्ही हाताशी असतं, त्यामुळे टाक्यांची आठवणही येत नाही. बाहात चौथ्या दिवशी येते.

पिण्याचं पाणी 'आग्वा पुरिफिकादा' पाटीच्या दुकानातून घ्या. वीस लिटरच्या बाटल्या, म्हणजे गार्राफोन, स्वस्तात भरून मिळतात. आरव्ही पार्कच्या नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, ते भांडी-आंघोळीला.

आंघोळीचा प्रश्न आईने सोडवला. दीडशे लिटरची टाकी चौघांनी शॉवर घेऊन दोन दिवसांत संपवल्यावर तिने एक बादली आणि तांब्या विकत घ्यायला लावला. माणशी अर्धी बादली. टाकी पाच दिवस पुरली. त्यावर आरव्हीच्या जाणत्यांची लांबलचक चर्चा चालते, उपाय मात्र मराठी न्हाणीघरात होता.

संडासाची टाकी रिकामी करायची सोय बहुतेक मोठ्या आरव्ही पार्कांत आहे, समुद्रकिनाऱ्यावरच्या मोकळ्या मुक्कामांवर नाही. म्हणून किनाऱ्यावर उतरायच्या आदल्या मुक्कामी, गेर्रेरो नेग्रो किंवा सान इग्नासियोला, टाकी रिकामी करूनच निघा. वाळवंटात कोण बघतंय म्हणून कुठेही सोडणारे लोक आहेत. त्यात आपण नसावं. गावातल्या हॉटेलांत आणि पंपांवर वापरलेला कागद शेजारच्या टोपलीत टाकायचा असतो, भांड्यात नाही. तिथले पाइप अरुंद असतात.

वीज अमेरिकेसारखीच, नावाला १२७ व्होल्ट. संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की दाब पडतो, आणि काही जोडण्यांत तारा उलटसुलट लावलेल्या असतात. प्लग खुपसण्याआधी सॉकेटला व्होल्टेज तपासायचं लहान यंत्र लावा, सोबत सर्ज प्रोटेक्टर. एसी चालेल असं गृहीत धरू नका.

९. मुक्काम

आयओव्हरलँडर या ॲपवर प्रवाशांनी नोंदवलेल्या जागा सापडतात. सहा महिन्यांच्या आतल्या नोंदी बघा. अनोळखी ठिकाणी, रस्त्याकडेला, फुकट म्हणून रात्र काढू नका. पहिल्या फेरीत पैसे देऊन, कुंपणाच्या आत.

सान इग्नासियो अचानक समोर येतं. तास-दोन तास नुसती माळरानं, आणि मग खाली खजुरीचं बन, मधे पाणी. जेझुइट पाद्र्यांनी १७२८ साली इथे मिशन उभारलं, खजूरही त्यांनीच लावला. इथून सुमारे साठ किलोमीटरवर देवमाशांची खाडी आहे. शेवटचा भाग कच्चा आणि हाडं खिळखिळी करणारा, म्हणून आरव्ही गावात ठेवून स्थानिकांच्या व्हॅनने जा. जानेवारी ते मार्चमध्ये करडे देवमासे आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत इथे पिलांना जन्म द्यायला येतात. १९७२ साली पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीजवळ एक मादी आली आणि त्याने तिला हात लावला. त्याआधी इथले कोळी या माशांना घाबरून दूर राहत. आजही होड्या स्थानिक कोळीच चालवतात. मासा जवळ आला तर आला. होडीवाल्याला 'आणखी जवळ ने' म्हणून गळ घालू नका. आमच्या होडीशी पहिल्या तासात काहीच आलं नाही, आणि मग एक पिल्लू थेट आमच्या आईच्या हाताखाली वर आलं. ती रात्रभर कोणाशी फार बोलली नाही.

बाहिया कोन्सेप्सियोनला मुलेहे गावानंतर अर्ध्या तासात पोहोचता. सांतिस्पाक, एल कोयोते, रेकेसोन: महामार्गाला लागूनच किनारे आहेत. झावळ्यांनी शाकारलेल्या सावल्या, म्हणजे पालापा, आणि रात्रीचे थोडे पेसो. नळ नाही, वीज नाही. सकाळी विक्रेते दारात येतात, पाणी, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले, कोळंबी, कधी सरपण घेऊन. वाळूत गाडी घालण्याआधी पायी चालून बघा. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीतच राहा. भरतीची रेषा कुठपर्यंत आहे ते शेजाऱ्याला विचारा. किनाऱ्यावर महिनोन्‌महिने राहणारे कॅनडाचे म्हातारे असतात, त्यांना सगळं माहीत असतं आणि सांगायची हौसही असते.

१०. खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

'सिन कार्ने' म्हणजे मांस नको. एवढं सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी कोंबडी आणि मासे 'कार्ने'त येत नाहीत. 'नी पोयो, नी पेस्कादो' जोडा. मग 'सिन मांतेका', म्हणजे डुकराची चरबी नको. घट्ट शिजवलेल्या राजम्यात ती असते, आणि उत्तर मेक्सिकोत जागोजागी मिळणाऱ्या गव्हाच्या पातळ पोळ्यांत, म्हणजे तोर्तियांतही, अनेकदा असते. मक्याची तोर्तिया मागा, 'दे माईस'. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो, वास भाकरीच्या जवळचा.

बाजारात आई हरवली होती, ती सापडली गुळाच्या ढेपेपाशी. त्याला इथे पिलोन्सियो म्हणतात, सुळक्याच्या आकाराचा. शेजारी चिंच, जिरे, कोथिंबीर, हरभरे, आणि काटे काढलेली फड्या निवडुंगाची पानं, नोपाल. मिरची याच देशातून निघून पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला पोहोचली, हे तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. नोपालची भाजी मात्र केली, गुळ-चिंच घालून. भेंडीसारखी तार सुटते, ती आधी परतून घालवावी लागते.

११. मुख्य भूमीवर जायचंच असेल तर

ला पासजवळच्या पिचिलिंगे बंदरातून मासातलान आणि तोपोलोबांपोकडे गाड्या नेणारी बोट जाते. त्यासाठी गाडीचं आयात परमिट घ्यावं लागतं. आरव्हीला ते दहा वर्षांचं मिळतं. गाडीची मूळ कागदपत्रं मालकाच्याच नावाची हवीत. पहिल्या फेरीत हे करू नका.

१२. परत येताना

सीमेच्या आदल्या मुक्कामी, एन्सेनादाजवळ, तिन्ही टाक्यांचा निकाल लावा. सीमेवर रांगेत किती तास जातील सांगता येत नाही आणि फ्रीज बंद पडायची वेळ नेमकी तेव्हाच निवडतो. फळं, भाज्या, कच्चं मांस संपवा. उरलेलं काय आहे ते विचारण्याआधी सांगा. सगळ्यांचे पासपोर्ट चालकाच्या हाती, आणि घरातलं एकच माणूस बोलणार हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे अधिकाऱ्याने 'खायचं काय आहे?' विचारलं, मी 'काही नाही' म्हणणार तोच मागून आईने पिलोन्सियोची पिशवी उंच धरून दाखवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. किनाऱ्यावरचं मीठ शनिवारपर्यंत थांबत नाही.